घरी कळतं का?

पावणेनऊ

आमच्या उपजिल्हा रुग्णालयात आयसीटीसी कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. मुख्य दारातून आत आलं की डाव्या हाताला केस पेपरची खिडकी, उजव्या हाताला औषधांची, आणि दोन्ही रांगा जिथे एकमेकींत घुसतात तिथे समोरच आमचं दार. त्यावर हातभर लांबीचा बोर्ड, ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’, शेजारी लाल फीत. रांगेतल्या माणसांना तासतासभर बघायला दुसरं काही नसतं. आत कोण गेलं हे सगळे बघतात, आणि बाहेर पडताना त्याचा चेहरा कसा होता हेही बघतात. चाळिशीतली माणसंसुद्धा या दारातून खाली मान घालून येतात. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने कसं यायचं?

म्हणून सकाळी आल्यावर माझं पहिलं काम मागचं दार उघडण्याचं. ते एक्स-रेच्या बोळात निघतं. रक्त-लघवी तपासायला, प्लास्टर कापायला, दाखल्यावर सही घ्यायला सगळे त्याच बोळातून जातात. तिथे घुटमळणारं पोर कशासाठी आलंय हे कुणाला ओळखता येत नाही. पूर्वी या दारापुढे जुन्या रजिस्टरांचं लोखंडी कपाट होतं. ते हलवून घेतलं आणि कॉलेजची मुलं येऊ लागली. किशोरवयीन मुलांच्या चाचणीवर प्रशिक्षणं होतात, मी त्यांना जाते, त्यातून पुष्कळ शिकलेही आहे. तरी कुणी मला पहिला उपाय विचारला तर मी दाराचाच सांगेन.

सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा तालुका. नाव लिहीत नाही, कारण एवढ्याशा गावात नाव लिहिलं की माणसंही ओळखू येतात. इथे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्यांचे तपशीलही ओळखू येणार नाहीत इतके बदलले आहेत. एचआयव्ही आमच्याकडे आता संपला, असं बऱ्याच जणांना वाटतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या २०२१च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यांतले ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त.

लॅबवाले दादा फ्रिजचं तापमान बघून तक्त्यावर लिहितात. चाचणीची किट्स दोन ते आठ अंशांत राहावी लागतात. रात्री लाइट गेली होती का, हे ते वॉचमनला विचारून घेतात. मी रजिस्टरवर तारीख घालते.

साडेनऊ

आज नऊ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस, त्यामुळे गरोदर बायकांनी व्हरांडा भरलेला. आशाताई आपापल्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना घेऊन आल्या आहेत. हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही, सिफिलिस. एकदाच सुई टोचायची आणि सगळं तपासायचं.

या रांगेत अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली पुष्कळ असतात. माझ्या रजिस्टरमध्ये वीस वर्षांखालचं जे वय दिसतं त्यात या मुलीच जास्त. त्या स्वतःहून एचआयव्हीची चाचणी मागायला कधीच आल्या नसत्या. इथे मात्र कुणी कुरकुर करत नाही. शेजारची देते आहे, मागची देणार आहे, सासूच्या वेळी नव्हती पण जावेच्या वेळी होती. मी प्रत्येकीला समजावून सांगते, नको असेल तर नाही म्हणता येतं हेही सांगते. सगळ्या हो म्हणतात. ‘तुलाच का?’ हा प्रश्न तिथे उरत नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००६मध्ये नेमकं हेच सुचवलं होतं. १३ ते ६४ वर्षांच्या प्रत्येकाला, दवाखान्यात कोणत्याही कारणाने आला तरी, एचआयव्हीची चाचणी नेहमीची तपासणी म्हणून देऊ करावी. नको असेल त्याने नको म्हणावं. आपल्याकडे गरोदरपण सोडलं तर टीबी आणि गुप्तरोगाच्या रुग्णांना ती अशी देऊ केली जाते. ताप घेऊन आलेल्या अकरावीतल्या मुलाला नाही. त्याला ती मागावी लागते, आणि मागणं म्हणजेच कबुली, असा आपल्या समाजाचा हिशेब.

या रांगेतही एक जागा अशी आहे की तिथे मुली गळतात. एखादीचं आधार कार्डावरचं वय अठराच्या आत निघालं, की ते प्रकरण माझ्या किंवा डॉक्टरांच्या हातात राहत नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे. लग्न झालेलं असलं तरी सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये ते स्पष्ट केलं. माहिती असून कळवलं नाही तर न कळवणाऱ्यालाही शिक्षा. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, होते, चौकीवरून हवालदार येतात, नवरा आणि दोन्हीकडचे आईबाप अडकतात. बालविवाह थांबायलाच हवेत. ऊसतोडीला जाण्याआधी तेरा-चौदाव्या वर्षी पोरीचं लग्न उरकणाऱ्या घरांतून आलेल्या मुली मी रोज बघते, आणि त्या कायद्याच्या विरोधात माझ्याकडे एक शब्द नाही. पण अशी एक केस झाली की त्या वस्तीवरून पुढचे कित्येक महिने कोवळ्या वयाची एकही मुलगी तपासणीला येत नाही. आशाताई सांगतात, ‘मॅडम, आता त्या थेट बाळंतपणालाच येतील. नाहीतर कर्नाटकात नेतील.’ वय एकोणीस सांगायचं, असं पढवून आणलेल्या मुलीही येतात. त्या भिंतीकडे बघून वय सांगतात.

गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये एक वाट काढून दिली. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. चाचणीसाठी आलेल्या मुला-मुलीलाही तशी वाट हवी, असं मला मनापासून वाटतं.

अकरा

मागच्या दारातून दोघं आत डोकावतात. एकाच्या पाठीला कॉलेजची सॅक, दुसरा नुसताच सोबत. सोबत आलेलाच बोलतो.

‘मॅडम, ब्लड ग्रुप बघायचाय याचा.’

रक्तगट बघायला लॅब आहे, तिचा बोर्ड त्यांनी वाचलेला आहे, आणि ते तिथे न जाता माझ्या दारात आले आहेत. हे मला कळतं, मला कळलं हे त्यांनाही कळतं. मी बसायला सांगते. सोबतचा म्हणतो, मी बाहेर थांबतो. सॅकवाला त्याच्याकडे असा बघतो की मी म्हणते, राहू दे, थांबू दे त्यालाही. मित्र सोबत असणं फार मोठी गोष्ट आहे. एकटी आलेली मुलं बऱ्याचदा दारातूनच परत फिरतात.

वय विचारते. सतरा पूर्ण, पुढच्या दोन-अडीच महिन्यांत अठरा लागेल.

आता मला जे करावं लागतं ते माझ्या कामातलं सगळ्यांत अवघड. त्याने काही सांगायच्या आत मला त्याला सावध करावं लागतं. मी म्हणते, ‘हे बघ बाळा, तू मला जे सांगशील ते मी तुझ्या आईला सांगणार नाही, वडिलांना नाही, सरांना नाही. कायद्यानेच मला ते सांगता येत नाही. पण तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली असेल, किंवा अठराच्या आतल्या कुणाशी संबंध आल्याचं तू मला सांगितलंस, तर ते मला कळवावं लागतं. आधी हे ऐक, मग काय सांगायचं ते तू ठरव.’

हे न सांगता त्याला बोलतं करणं सोपं आहे, आणि ती फसवणूक आहे. सांगितलं की काय होतं तेही मी रोज बघते. त्याचा चेहरा आक्रसतो. हात सॅकच्या पट्ट्याकडे जातो. मित्र त्याच्या गुडघ्यावर हात ठेवतो.

‘माझं काही नाही. एका मित्राचं आहे.’

‘बरं. मित्राचं सांग.’

मग मित्राचं सगळं येतं. मित्राला रात्री झोप येत नाही. मोबाइलवर लक्षणं वाचली, त्यातली सगळी मित्राला आहेत: घसा दुखतो, थकवा येतो, जिभेवर पांढरं आहे. झालं त्याला पंधरवडा झाला. स्टँडमागच्या भिंतीवर ज्याची जाहिरात आहे त्या गुप्तरोगवाल्याकडे मित्र जाऊन आला. त्याने नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, पुड्या दिल्या आणि मोबाइलच्या हप्त्याचे पैसे घेतले. एका खासगी लॅबवाल्याने पैसे घेऊन, वय अठरा लिहून रक्तही घेतलं, रिपोर्ट पाकिटात घालून हातात दिला. निगेटिव्ह. पण मित्राला ते खरं वाटत नाही, आणि खरं का वाटू नये हे समजावणारं तिथे कुणी नव्हतं.

त्या भिंतीवरच्या जाहिरातीचा मला मनस्वी राग आहे. पण मुलं तिथेच का जातात हे आपण समजून घ्यायला हवं. तिथे रांग नाही, बोर्डावर लाल फीत नाही, आणि ‘कशाला हवंय?’ असं कुणी विचारत नाही. सरकारी दवाखान्यात चाचणी फुकट आहे, किट खात्रीचं आहे, गोपनीयता कायद्याने बांधलेली आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलाला ती घ्यायची तर पालकाची सही लागते.

मी त्याला विंडो पिरियड समजावते. विषाणू शरीरात गेला असला तरी चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात. पंधरा दिवसांत केलेली चाचणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, तीन महिन्यांनी केलेलीवर येतं. जिभेवरचं पांढरं पंधरा दिवसांत या आजाराने सहसा येत नाही. पुड्या बंद कर. आणि पुढे कधी असं झालं, तुझं किंवा मित्राचं, तर पंधरा दिवस थांबायचं नाही. ७२ तासांच्या आत आलं तर संसर्ग टाळण्याची औषधं सुरू करता येतात. या मुलाचे ते ७२ तास भिंतीवरची जाहिरात वाचण्यात गेले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

‘आणि सही?’ मित्र विचारतो.

आई चालेल, वडील चालतील. तुला हवं असेल तर आईशी मी बोलते, तुझ्यासमोर. तो मान हलवतो. आई शेतात जाते, तिला हे सांगितलं तर ती जेवणार नाही. वडिलांचा विषयच नको.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा, जो १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला, तो एरवी फार चांगला कायदा आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, शाळा, नोकरी, दवाखाना यांत भेदभाव करता येत नाही. त्यात असंही कलम आहे, की एचआयव्हीग्रस्त कुटुंबातलं बारा ते अठरा वयाचं समंजस मूल धाकट्या भावंडाचं पालक म्हणून शाळेच्या प्रवेशासाठी आणि उपचारांसाठी उभं राहू शकतं. भावंडाची जबाबदारी घेण्याइतकी समज ज्याला असू शकते हे कायद्याला मान्य आहे, त्याला स्वतःच्या रक्ताच्या चार थेंबांबद्दल मात्र सही करता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत बाराव्या वर्षापासून मूल स्वतः संमती देऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्येच सगळ्या देशांना वयाच्या या अटीचा फेरविचार करायला सांगितलं. आपण निदान सोळापर्यंत तरी खाली यावं.

तो विचारतो, ‘अठरा झाल्यावर आलो तर?’

‘तर कुणाचीच सही लागणार नाही, तुझी एकट्याची. आणि तोवर तुझे तीन महिनेही होत आलेले असतील.’ मी ‘तुझे’ म्हणाले, त्याने दुरुस्त केलं नाही. मी माझा नंबर देते. मग त्याला खरोखरच लॅबमध्ये पाठवते रक्तगट बघायला. घरी कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा.

पाऊण

ओपीडी ओसरली. आता फोन करायची वेळ. फोनच्या यादीत एक बाई आहेत, त्यांना मी ताई म्हणते. त्या औषधावर आहेत, नियमित आहेत, व्हायरल लोड कधीचाच मोजण्यापलीकडे खाली गेलेला. नवरा वारला तेव्हा तपासणी झाली आणि त्यांचं कळलं. धाकट्या मुलाची चाचणी त्याच वेळी झाली, तो निगेटिव्ह. मोठी मुलगी तेव्हा मामाकडे होती. ती राहिली, आणि राहिलीच. आज ती चौदा वर्षांची आहे.

‘ती ठणठणीत आहे हो मॅडम,’ ताई दर वेळी म्हणतात. ‘असतं तर एवढ्या वर्षांत दिसलं नसतं का?’

आईकडून संसर्ग झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी निम्मी दोन वर्षांचीही होत नाहीत, हे खरं. पण काही मुलं अशीही असतात की त्यांच्यात आजार सावकाश पुढे जातो आणि ती कळत्या वयापर्यंत पोचतात. उंची वयाच्या मानाने कमी राहते, कान वाहतो, अंगावर पुरळ येत-जात राहतं, पाळी उशिरा येते. घरात ‘हिची हाडंच बारीक’ म्हणतात आणि सोडून देतात. ताईंच्या मुलीचा कान मधूनमधून वाहतो. बोलता बोलता त्यांनीच सांगितलं, आणि नंतर तो विषय टाळला.

इथे कायदा आड येत नाही. सही ज्यांची हवी त्या माझ्याशी फोनवर बोलत आहेत. आड येतं ते वेगळंच. मुलीची चाचणी करायची म्हणजे का करायची हे तिला सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे स्वतःचं सांगायचं. ताई आपल्या गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या डबीत ठेवतात. एआरटीची बाटली वाजते, म्हणून तीत कापूस घालतात. मुलीला ठाऊक आहे की आई रात्री कॅल्शियम घेते. चौदा वर्षांच्या मुलीने ‘हे मला तुझ्याकडून आलं का?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, या एका प्रश्नाने ताईंना एवढी वर्षं अडवून ठेवलं आहे. त्यांना मुलीच्या आजारापेक्षा मुलीच्या नजरेची भीती जास्त आहे.

मी आज त्यांना चाचणीबद्दल काही म्हणत नाही. आधी त्यांच्या व्हायरल लोडचा विषय काढते. ‘ताई, तुमचा विषाणू इतका कमी आहे की तुमच्याकडून कुणाला लागण होत नाही. एका गोळीवर. मुलीला असलं तर तिलाही हीच गोळी आहे, फुकट आहे, शाळा आहे, पुढे लग्न आहे, लेकरं आहेत. नसलं तर तुमच्या छातीवरचा दगड उतरला. आणि तिला कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू, एकाच दिवशी सगळं सांगायचं नसतं.’

पलीकडे बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

‘बघते,’ त्या म्हणतात. आजवर त्या ‘नाही’ म्हणत होत्या.

दीड

डबा. लॅबवाले दादा लोणचं पुढे करतात. कॉलेजला जायचंय म्हणून पटकन आटपते.

दोन

कनिष्ठ महाविद्यालय, रेड रिबन क्लबचा कार्यक्रम. सभागृहात मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे, मध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी वाट. प्राचार्यांनी आधीच बाजूला घेऊन विनंती केली आहे, ‘मॅडम, आजाराबद्दल बोला, पण ते बाकीचं जरा जपून.’ मी त्यांना सांगते की बाकीचं वगळलं तर आजाराबद्दल सांगण्यासारखं फार थोडं उरतं. ते भले गृहस्थ आहेत. शेवटी म्हणतात, मी कार्यालयात बसतो, तुम्ही घ्या. शिक्षक बाहेर गेले की सभागृहाचा आवाजच बदलतो.

२००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. तेव्हा नववी-दहावीत असलेली मुलं आज आईबाप आहेत, काही शिक्षकही आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के यांनाच एचआयव्हीची पुरेशी आणि अचूक माहिती होती. म्हणजे ज्या घरात मुलाने विचारावं असं आपण म्हणतो, त्या घरातही बहुधा उत्तर नसतं.

मी पुठ्ठ्याचा बंद खोका फिरवते. प्रत्येकाने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी टाकायची. म्हणजे कोण लिहितंय हे शेजाऱ्याला कळत नाही. खोका परत येतो तोवर हॉलमध्ये खसखस, मग एकदम शांतता, मग पुन्हा खसखस.

डास चावला तर. सलूनमधलं ब्लेड. एका ताटात जेवलं तर. ही उत्तरं मी भराभर देते. मग एक चिठ्ठी, बॉलपेनने कागद फाटेस्तोवर दाबून लिहिलेली: ‘जत्रेत टॅटू काढला. सुई एकच होती, आधी चार जणांचा काढला होता. आता काय.’ प्रश्नचिन्हही नाही. मी ती मोठ्याने वाचते आणि सांगते की ही भीती वेड्यासारखी नाही, न बदललेली सुई धोक्याची असते. तपासणी करून घ्यायची, आणि टॅटू काढला असं सांगायला कसलीच लाज नाही. हे सांगताना मला माहीत असतं की इथून पुढे ज्यांना दुसरं कारण आहे तेही ‘टॅटू काढला होता’ म्हणूनच येतील. येऊ देत. दारातून आत यायला एक कारण हवं असतं, ते मिळालं.

मुलींकडून आलेली, मोत्यासारख्या अक्षरातली एक: ‘लग्न ठरल्यावर मुलाला टेस्ट कर म्हटलं तर तो लग्न मोडेल का?’ हिचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. मी एवढंच सांगते की दोघांनी मिळून करावी, आणि आधी स्वतःची करून घेऊन मग त्याला सांगावं. म्हणजे तो संशय राहत नाही, रीत होते.

आणि सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या, वेगवेगळ्या अक्षरांत: टेस्ट केली तर घरी कळतं का? फोन जातो का घरी? आधारवर येतं का? कॉलेजला कळवतात का? आमच्या गावची सिस्टर तिथे आहे, ती सांगेल का? ‘एड्स झाला तर मरतो का’ असं विचारणारी एकच चिठ्ठी निघाली. मृत्यू त्यांना लांबचा वाटतो. घर रोजचं आहे.

मी खरं ते सांगते. अठरा पूर्ण असतील तर कुणालाही कळत नाही, घरी फोन जात नाही, रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नंबर असतो. अठराच्या आत असाल तर चाचणीला पालकाची सही लागते. पण माझ्याकडे येऊन बोलायला, विचारायला सही लागत नाही. १०९७ हा नंबर फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि तुमच्या गावची सिस्टर बोललीच, तर तिच्यावर कायद्याने कारवाई होऊ शकते. या वाक्याला टाळ्या पडतात.

चार

तीन मुलगे, बारावी संपवून आयटीआयला असलेले, तिघंही अठरा पूर्ण. सभागृहात मागच्या खिडकीतून ऐकत होते म्हणे. तिघांनाही चाचणी करायचीय. ‘एकट्यानं केली तर वाटंल याचं काहीतरी हाय. तिघं करतो.’ हा उपाय त्यांनी स्वतः शोधला आहे आणि तो उत्तम आहे. मी तिघांशी वेगवेगळं बोलते, कारण एकत्र आले तरी प्रत्येकाचं सांगणं वेगळं असतं. त्यांतल्या एकाचं खरंच काही आहे, ते मला कळतं, बाकी दोघांना कळत नाही.

दादा शिरेतून रक्त घेतात. नळीवर पीआयडी नंबर. सर्वांत उंच असलेला सुईकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतो. रक्त फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं होतं, त्याचा थेंब किटवर. वीसेक मिनिटं. पहिली चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली तर तिथेच निगेटिव्ह; रिॲक्टिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री करायची, तोवर कुणालाही काही सांगायचं नाही. दादा वाट बघताना मुलांशी क्रिकेटवर बोलतात. मुलगे माझ्यापेक्षा त्यांच्याशी मोकळे होतात, आणि मी ते होऊ देते. कंडोम कसा वापरायचा हे दादाच सांगतात.

तिघांचेही निकाल मी एकेकाला आत बोलावून देते. तिघंही निगेटिव्ह. ज्याचं काही आहे त्याला तीन महिन्यांनी परत यायला सांगते. तो म्हणतो, ‘एकटा आलो तर चालंल ना?’ सकाळी मित्रामागे लपलेल्या मुलालाही पुढे हाच प्रश्न पडावा असं मला वाटतं.

साडेपाच

रजिस्टर भरायचं. वयाच्या रकान्यात आज सतरा हा आकडा नाही. तो मुलगा आला होता, बोलला, पण चाचणी झाली नाही म्हणून अहवालात त्याला जागा नाही. समुपदेशनाच्या डायरीत मी लिहून ठेवते, पुढच्या महिन्यांची खूण करून. सभागृहातल्या चिठ्ठ्या बारीक फाडते.

फोन वाजतो. ताई आहेत. आवाज दबका, बहुधा मोरीत उभ्या राहून बोलत आहेत.

‘मॅडम, उद्या शाळेला सुट्टी हाय तिला. आणू का?’

‘आणा. केस पेपरच्या रांगेत उभ्या राहू नका, एक्स-रेच्या बोळातून या, मी दार उघडं ठेवते. आधी ईएनटीला कान दाखवू, मग माझ्याकडे.’

‘तिला काय म्हणून आणू?’

‘कान का वाहतो ते बघायला रक्त तपासायचंय म्हणा. खोटं नाही ते. बाकीचं मी तिच्याशी बोलेन, आधी तिला विचारेन, मगच रक्त घेऊ. तुमचं काय आणि कधी सांगायचं ते तुम्ही ठरवाल तेव्हा.’

जरा थांबून त्या विचारतात, ‘उपाशीपोटी आणायची का?’

‘नको हो ताई, पोटभर खाऊन येऊ दे तिला.’